पोफळीखालचा कोको: आधी शेजारी जमवा, मग रोपं आणा

मी माहेरची राजापूरची, सासर दक्षिण कन्नडात बेळ्तंगडी तालुक्यात. माहेरची माणसं मे महिन्यात येतात, पोफळीखाली खोडालाच लगडलेली पिवळी फळं बघतात आणि हमखास विचारतात, आम्हीही चार झाडं लावावीत का? चार झाडं लावू नका. लावायचा तर वाडीतल्या दहा-बारा घरांनी मिळून लावा. चॉकलेटसाठी फळातली बी आधी लाकडी पेटीत आंबवून मग सुकवावी लागते. कोकोचा खरा पैसा झाडावर नाही, या आंबवायच्या पेटीत आहे, आणि एका घराच्या फळांनी ती पेटी भरत नाही.

हिशेब साधा आहे. एका फळात तीस-चाळीस बिया, गरासकट शंभर ग्रॅमच्या आसपास. म्हणजे किलोभर ओल्या बीला दहा फळं. ६० सेंटिमीटर लांब-रुंद आणि ४५ सेंटिमीटर खोल पेटीला दीडशे किलोच्या आसपास ओली बी लागते, म्हणजे दीड हजार फळं, तीही एकाच वेळी फोडलेली. शंभर झाडांच्या घरात ऐन हंगामात एका तोडणीला दीडशे-दोनशे फळं निघाली तरी खूप. दहा घरं आली की पेटी भरते. अर्धवट पेटी तापतच नाही. ओलं गवत उडवीत रचलं की आतून तापतं, मूठभर ठेवलं तर नुसतं सुकतं, तसाच प्रकार.

ओलीच बी विकून मोकळं होता येतं, आणि आमच्या भागात बहुतेक जण तेच करतात. त्यात कमीपणा नाही. १९८० च्या सुमाराला खाजगी खरेदी आटली, भाव कोसळला आणि लोकांनी कोकोची झाडं तोडून चुलीत घातली, तेव्हा कॅम्पकोनं ओली बी घ्यायला सुरुवात केली. कॅम्पको म्हणजे १९७३ साली मंगळूरला सुरू झालेली, कर्नाटक आणि केरळमधल्या सुपारीवाल्यांची सहकारी संस्था. १९८६ मध्ये तिनं पुत्तूरला चॉकलेटचा कारखाना काढला. आज इथल्या पोफळीखाली कोको टिकून आहे तो बराचसा त्यामुळे. पण माझ्या माहेरच्या गावात असा ओल्या बीचा काटा दाराशी नाही आणि फोडलेली बी दुसऱ्या दिवसाची वाट बघत नाही. तिथं आंबवून-सुकवूनच विकायला हवी. म्हणून रोपं आणण्याआधी गिऱ्हाईक शोधा. म्हैसूर, कोची, ऑरोविल, हैदराबाद इथे बीपासून स्वतः चॉकलेट करणारे छोटे कारखानदार आहेत. नीट आंबवलेल्या सेंद्रिय बीला ते बाजारभावाच्या वर पैसे देतात, मात्र बी कापून बघितल्याशिवाय एक पोतंही घेत नाहीत.

भावाबद्दल एक सांगून ठेवते. २०२४ मध्ये पश्चिम आफ्रिकेतलं पीक बसलं, जगाच्या बाजारात कोको टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला आणि आमच्याकडेही सुक्या बीनं किलोला हजार रुपयांचा आकडा पाहिला. त्या उन्हाळ्यात ज्याला त्याला रोपं हवी होती. पुढच्या वर्षी भाव उतरला. झाड नीट धरायलाच तीन-चार वर्षं लागतात, तेव्हा चढ्या भावाचा आकडा धरून कोणी तुम्हाला हेक्टरी नफा काढून दाखवला तर चहा पाजून निरोप द्या.

बागेत

पोफळी २.७ मीटरवर असतील तर एक ओळ सोडून दुसऱ्या ओळीत, चार पोफळींच्या मधोमध एक कोको. दोन झाडांत २.७ आणि दोन ओळींत ५.४ मीटर अंतर पडतं, हेक्टरी साडेसहाशेच्या वर झाडं बसतात. माडाच्या बागेत माडांच्या दोन ओळींमध्ये एक ओळ धरा. पोफळी अजून लहान असतील तर थांबा, डोक्यावर सावली तयार झाल्यावरच कोको लावायचा. उन्हाळ्यात शिंपणं नसेल, नुसता कातळ असेल, तर हा नादच सोडा. पोफळीला जे पाणी देता त्यावर कोको जगतो, पावसाच्या भरवशावर नाही.

कलमं विट्टलच्या लागवड पीक संशोधन केंद्रातून किंवा त्रिशूरजवळच्या केरळ कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून मिळतात. एकाच जातीची सगळी कलमं मुळीच आणू नका, दुकानदार कितीही म्हणो. कोकोच्या पुष्कळ जातींत स्वतःच्या परागानं फळ धरत नाही, शेजारी दुसरी जात लागते. चार-पाच जाती मिसळून लावा.

बीपासून वाढवलेलं झाड छातीइतकं झालं की शेंड्याला एकदम पाचेक फांद्या फुटतात. तिथंच छत्री धरा. त्याखालून सरळ वर चढू बघणारा कोंब दिसला की कोवळा असतानाच हातानं मोडा. झाड हाताशी राहिलं तरच रोगट फळ दिसतं, उंदरानं पोखरलेलं दिसतं आणि सासूबाईंच्या वयाच्या बाईलाही तोडणी जमते. कोयती चालवताना खोडावरच्या बारीक गाठी सांभाळा. फुलं वर्षानुवर्षं त्याच गाठींवर येतात. गाठ तासली गेली की त्या जागचं फळ कायमचं गेलं.

फुलं हजारोंनी येतात, त्यातली शेकडा दोन-चारच धरतात. त्यांचं परागीभवन करणारी माशी चिलटाहून बारीक असते आणि ती कुजत्या पाल्यात, केळीच्या ओल्या बुंध्यात वाढते. घड काढल्यावर केळ तोडाल तेव्हा बुंध्याचे हातभर तुकडे करून कोकोखाली टाका. आमच्या सासऱ्यांना बाग अंगणासारखी झाडलेली आवडायची. कोको आल्यापासून आम्ही पाला तसाच ठेवतो आणि त्यावरून घरात कुरबूर व्हायची ती झाली. बोटाएवढी फळं काळी पडून झाडावरच वाळताना दिसली तर घाबरून फवारा मारू नका. झाड स्वतःच आपला भार हलका करतं, त्यातली बरीचशी तशीच जायची असतात.

खताला शेणखत आणि पोफळीच्या विरी-झावळ्यांचं गांडूळखत पुरतं. फोडलेल्या फळांची टरफलं पालाशनं भरलेली असतात, ती वाया घालवू नका. पण पावसाळ्यात टरफलांचा ढीग झाडाखाली ठेवू नका, बागेबाहेर खड्ड्यात शेणकाल्यासोबत कुजवून मगच परत आणा. कारण काळं फळ. जून ते सप्टेंबर फळावर तपकिरी डाग पडतो, दोन-तीन दिवसांत पसरतो आणि सगळं फळ काळं होतं. सुपारीच्या कोळेरोगाच्याच कुळीची ही बुरशी. आठवड्याला एक फेरी मारून अशी फळं काढून पुरून टाकणं हा खरा उपाय, आणि छत्री विरळ ठेवणं हा दुसरा.

मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण सेंद्रियात चालतं का, हे सगळे विचारतात. चालतं, पण मोजून आणि प्रमाणन संस्थेला सांगून. युरोपच्या नियमात हेक्टरी सात वर्षांत २८ किलो तांबं ही कमाल मर्यादा आहे. आता पोफळीवर मारलेलं बोर्डो ठिबकत कुठे येतं? खालच्या कोकोवरच. ते तांबं त्याच हेक्टरच्या खात्यात धरायचं असतं. आणि वरची पोफळ रासायनिक, खालचा कोको सेंद्रिय असं होत नाही. एकाच जमिनीतली दोन्ही पिकं एका नियमात येतात. हे आधी घरात बोलून घ्या, कारण सुपारी हे बहुतेक घरांचं मुख्य उत्पन्न असतं आणि त्यात प्रयोग करायला वडीलमाणसं सहज तयार होत नाहीत.

तोडणी आणि पेटी

हिरवं फळ पिवळं झालं, लालसर फळ नारिंगी झालं की तोडायचं. दहा-पंधरा दिवसांनी फेरी. पिकलेलं फळ झाडावर राहिलं की खार आणि उंदीर ते तुमच्याआधी ओळखतात, आणि सेंद्रिय बागेत विषाची गोळी ठेवता येत नाही, सापळेच लावावे लागतात. फळ पिळून ओढू नका, देठ कापा. तोडलेली फळं दोन-तीन दिवस सावलीत पडू द्या, बी चांगली आंबते आणि आंबटपणा कमी राहतो. गटाच्या दृष्टीनं याचा मोठा फायदा म्हणजे सगळ्यांनी एकाच दिवशी तोडण्याची गरज नाही, एकाच दिवशी फोडलं की झालं.

फळ कोयतीनं फोडू नका. बीला चरा पडला की तिथून बुरशी शिरते. लाकडी दांडक्याचा एक ठोका आडवा मारा, टरफल दुभंगतं. बी बोटांनी ओढून घ्या, मधला दांडा फेका. काळी, मोड आलेली, सुकलेली बी तिथंच बाजूला काढा. हे काम आमच्याकडे बायकाच करतात, गप्पा मारत, आणि यातच मालाची निम्मी प्रत ठरते.

पेटी फणसाच्या फळ्यांची करा, आतून रंग-वॉर्निश काही नको. लोखंडी खिळा बीला लागू देऊ नका, आंबटानं गंजतो. लाकडी खुंट्या मारा. तळाला बोटभर भोकं, खाली रस वाहून जायला उतार. अशा दोन पेट्या शेजारी शेजारी हव्यात, एक भरायला आणि एक पालटायला.

केळीची पानं अंथरून संध्याकाळी बी भरतो, वर पुन्हा पानं, त्यावर जाड गोणपाट. पहिल्या रात्री पांढरट रस गळतो आणि पिकल्या फळाचा गोड वास येतो. दुसऱ्या दिवशी वास दारूकडे झुकतो. अठ्ठेचाळीस तासांनी पान उचललं की वाफ तोंडावर येते. मधे तापमापी खुपसली तर पारा चाळिशीच्या पुढे असतो. आता सगळी बी दुसऱ्या पेटीत पालटायची, आणि नीट लक्ष देऊन: कडेची, कोपऱ्यातली बी मधे गेली पाहिजे, मधली कडेला. हवा लागली की व्हिनेगारचा वास एवढा उठतो की डोळ्यांतून पाणी येतं. पारा ४५ ते ५० च्या मधे चढला की समजा काम चाललंय, आतला कोंब मेला, कडवटपणा उतरायला लागला. पुन्हा दोन दिवसांनी एक पालट. सहाव्या दिवशी चार बिया कापून बघा. बी फुगलेली, आत तपकिरी रस, जांभळा रंग कडेकडेनं सुटायला लागलेला, हे दिसलं की काढा. व्हिनेगारचा वास मेला आणि कुजकट वास सुरू झाला तर उशीर झाला. तो वास सुकवल्यावरही जात नाही.

पालटायची पाळी कोणाची, हे पावसाळ्याआधी लिहून भिंतीवर लावा. रात्री दहाला पेटी उघडायला कोणाला जायचं, यावरून गट फुटलेले मी पाहिलेत. जागतिक बाजारावरून फुटलेला एकही पाहिला नाही.

सुकवणं ऐकायला सोपं आहे. मे महिन्याची बी अंगणात माचावर, जाळीवर, दोन इंचांचा थर, दिवसातून पुष्कळदा हलवली की सहा-सात दिवसांत वाळते. मूठ आवळली की कडकड वाजायला हवी. ओलावा साधारण सात टक्के. पहिले दोन दिवस फार कडक उन्हात घाई करू नका, साल आधी सुकली तर आंबट आतच अडकतो. नोव्हेंबर-डिसेंबरची खरी अडचण वेगळी असते. अंगणभर सुपारी पसरलेली असते आणि कोकोला जागाच नसते. त्यासाठी गटाचा म्हणून एक प्लॅस्टिकच्या छपराचा बोगदा उभारा, पावसातही तोच कामी येतो. धुरावर मुळीच सुकवू नका. आमच्याकडे रबराच्या शीट धुरवायच्या खोल्या आहेत, पाऊस लागला की कोणाला तरी ती कल्पना सुचतेच. कोकोची बी वास पकडण्यात पटाईत असते. मिरी, रॉकेल, रबर, ज्याच्या शेजारी ठेवाल त्याचा वास चॉकलेटपर्यंत पोचतो. तागाची पोती, खाली फळ्या, भिंतीपासून हातभर दूर आणि त्या खोलीत दुसरं काही नाही.

काटा आणि वही

सेंद्रिय म्हणजे काय हे प्रमाणपत्रावर लिहिलेलं असतं. न्याय्य व्यापाराचं (फेअरट्रेडचं) मात्र बरंचसं काट्यावर ठरतं. घानातल्या कुआपा कोकू या शेतकरी सहकारी संस्थेची सुरुवात १९९३ मध्ये झाली, आणि सभासदाला खरं वजन मिळणं हा तिच्या कामाचा पाया होता. कारण दलालाचा काटा. आपल्याकडे वेगळं काय असतं?

म्हणून काट्याचे नियम आधी ठरवा. बी टोपलीत निथळू द्यायची, किती वेळ ते सगळ्यांना सारखं. पावसाळ्यातली बी पाणी धरते, मधला दांडा राहिला तरी वजन वाढतं, आणि हे सगळ्यांना माहीत असतं. काट्याचा आकडा ज्याची बी त्याला दिसेल असा ठेवा, चिठ्ठी दोन प्रतींत फाडा. पैसे दोनदा द्या: ओल्या बीच्या त्या दिवसाच्या भावानं लगेच, आणि सुकी बी विकल्यावर खर्च वजा जाता उरलेले, प्रत्येकाच्या ओल्या वजनाच्या प्रमाणात. तीन किलो ओल्या बीची साधारण किलोभर सुकी होते, तेव्हा पेटीमागे पन्नासेक किलो धरा. तुमच्या वहीत हे प्रमाण सारखं बिघडत असेल तर कुठं पाणी मुरतंय ते बघा.

विक्रीआधी कापून बघायची पद्धत जगभर एकच आहे. हाताला येतील तशा तीनशे बिया घ्यायच्या, उभ्या चिरायच्या, पांढऱ्या कागदावर ओळीत मांडायच्या. तपकिरी आणि भेगाळलेली ती चांगली. जांभळी कमी आंबलेली. पाटीसारखी करडी, घट्ट, ती आंबलीच नाही. पहिल्या प्रतीला करड्या शेकडा तीनच्या वर नकोत, बुरशीच्याही शेकडा तीनच्या वर नकोत. हे काम गुपचूप करू नका. पडवीत, सगळ्यांसमोर. ज्याची फळं कच्ची आली होती त्याला कोणी काही बोलावं लागत नाही.

फेअरट्रेडचा शिक्का हवा असेल तर त्याचा गाभा समजून घ्या. कोकोला एक किमान भाव ठरलेला असतो, बाजार त्याखाली गेला तरी खरेदीदाराला तो द्यावा लागतो. त्याशिवाय संस्थेच्या नावे वेगळी वाढीव रक्कम मिळते. २०१९ च्या ऑक्टोबरपासून हा किमान भाव टनाला २४०० डॉलर होता आणि वाढीव रक्कम २४०. या रकमेचं काय करायचं ते सर्वसाधारण सभा ठरवते, एका सभासदाला एक मत, मग त्याची झाडं पन्नास असोत की पाचशे. शाळकरी मुलांनी सुट्टीत बी वेचली तर हरकत नाही, शाळा बुडवून किंवा कोयता-फवारा हाती देऊन नाही. माझं मत असं की पाच-सहा टनांच्या गटानं या शिक्क्याच्या मागे लागू नये. त्याची फी त्याच्या फायद्यापेक्षा जड होते. नियम मात्र उचलावेत. आणि सभासदत्वाच्या वेळी सातबारा किंवा आमच्याकडची आरटीसी मागताना एक बघा: जमीन नवऱ्याच्या नावावर, फळं फोडणारी बायको, मग सभेत हात कोणाचा वर जाणार? आमच्या गटात घरातल्या दोघांपैकी कोणीही सभासद होऊ शकतं असा नियम करून घेतला, भांडून.

सेंद्रियाला दोन वाटा आहेत. देशातच विकायचं तर पीजीएस-इंडिया: पाचेक शेतकऱ्यांचा गट, एकमेकांच्या बागा एकमेकांनीच तपासायच्या, खर्च जवळजवळ नाही. निर्यात करायची किंवा निर्यात करणाऱ्याला विकायचं तर एनपीओपी (राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम), अपेडा या केंद्राच्या शेतमाल-निर्यात संस्थेच्या देखरेखीखालची. त्यात गटाला कायदेशीर रूप हवं आणि कमीत कमी २५ सभासद. बहुवार्षिक पिकाला रूपांतराची तीन वर्षं धरा. या काळात रासायनिक खत बंद, पण सेंद्रियाचा भावही नाही, हे प्रत्येक घराला तोंडावर सांगा. जो शेजारी ऐकून घरी निघून गेला तो पुढं गट मोडणार नाही. वही रोजची: कुठलं शेणखत, कोणाकडून, फवारा कधी, तोडणी किती. बागेचा नकाशा मोबाइलवर काढून ठेवा. युरोपला माल जायचा असेल तर बाग ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून केलेली नाही, हे त्याच नकाशावरून दाखवावं लागेल. पोफळीच्या जुन्या बागांना त्याची भीती नाही.

पहिल्या वर्षी पेटी एकच भरेल. तिची बी पोत्यात कोंबून विकायला नेऊ नका. किलो-किलोचे नमुने करा, पिशवीवर पेटीचा क्रमांक, भरल्याची तारीख, किती वेळा पालटली, किती दिवस सुकवली ते लिहा आणि दोन-तीन चॉकलेटवाल्यांना पाठवा. भाव विचारू नका, बी कशी वाटली ते विचारा. ते भाजून, चाखून कळवतात, आणि पुढच्या पेटीला एक दिवस जास्त ठेवायची की कमी, ते त्यावरून ठरवा.